काळगाडी आणि विहारातलं पातेलं

"थांब! उतरू नकोस!" पंकज ओरडला. "आपण सातशे वर्षं मागे आलोय. इथे अजून पूल झालेला नाही. सरळ प्रवरेत पडशील!"

"मी पडलोय आधीच," सम्राट शांतपणे म्हणाला आणि त्याने मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले. "मला पोहता येतं."

"पण हत्तीच्या गळ्यातली घंटा कोणी चोरली, ते कोण शोधणार? मासे?" राजनंदिनीने विचारलं.

"माशांनी पाहिलं असेल तर मासेच सांगतील! बोल की रे माशा, घाबरतोस काय?" सम्राट म्हणाला.

सीमा हसून हसून आडवी झाली. मे महिन्याची दुपार होती. बेलापूरच्या विहाराच्या ओट्यावर कडुलिंबाची दाट सावली पडली होती, आणि त्या सावलीत चौघांची काळगाडी धावत होती.

काळगाडी हा पत्त्यांचा खेळ. तो बाजारात मिळत नाही, कारण तो या चौघांनीच तयार केला होता. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून पत्ते केले होते. त्यामुळे एका बाजूला स्केचपेनने 'सातशे वर्षांपूर्वी' असं लिहिलेलं असायचं आणि दुसऱ्या बाजूला 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' असं छापलेलं असायचं. गठ्ठे तीन : केव्हा, कुठे आणि कोण. प्रत्येकाने एकेक पत्ता उचलायचा आणि गोष्ट पुढे न्यायची. दुसऱ्याने सांगितलेलं खोडायचं नाही, फक्त त्यात भर घालायची. एका काळातून दुसऱ्या काळात उडी मारली की एक चिंचोका मधल्या वाटीत टाकायचा. चिंचोके म्हणजे गाडीचं डिझेल! ते संपायच्या आत रहस्य उलगडलं तर चौघेही जिंकले. नाही उलगडलं तर चौघेही तिकडेच अडकले, कायमचे!

आणखी एक नियम होता, आणि तो सीमाचा होता. गोष्टीतल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं तर फुकट. पण 'मला वाटतं' म्हटलं की एक चिंचोका दंड! हा नियम करावा लागला तो सम्राटमुळे. सम्राट म्हणजे सीमाचा दहा वर्षांचा धाकटा भाऊ. त्याला काहीही वाटायचं. एकदा तर गाडगं फोडणारा चोर हा गाडग्यातलाच विंचू होता, असं त्याला वाटलं होतं.

"हं, सीमा, तुझा पत्ता," पंकज म्हणाला. तो चौघांत मोठा, आता नववीत जाणारा. त्यामुळे आपण गाडीचे ड्रायव्हर आहोत, असा त्याचा समज होता.

सीमाने पत्ता उचलला. पण तो वाचायच्या आत विहाराच्या कोठीतून एक आवाज आला.

"बना! अगं, ह्ये आपलं पातेलं न्हाई!"

चौघेही धावले. बुद्धपौर्णिमा परवावर आली होती, म्हणून महिला मंडळाच्या बायका खिरीची भांडी काढायला जमल्या होत्या. कोठीच्या दारात मंडळाच्या अध्यक्षा रंगुबाई उभ्या होत्या. समोर भलंमोठं पितळी पातेलं पालथं पडलं होतं. अर्धं घासून लखलखीत झालेलं, अर्धं अजून काळंकुट्ट. आणि पातेल्याशेजारी, हातात राखेने भरलेला काथ्या तसाच धरून, बनाआत्या उभी होती.

बनाबाई ही सीमाची सख्खी आत्या. कोठीची चावी गेली कित्येक वर्षं तिच्याच पदराला असायची.

"नाव कुठं गेलं?" रंगुबाईंनी विचारलं. "आपल्या पातेल्यावर काठाखाली महिला मंडळाचं नाव कोरल्यालं हाय. ह्याच्यावर एक अक्षर न्हाई. आन् ह्ये उचलून बघा. आपलं पातेलं दोघीजनींबिगर हालत न्हाई. ह्ये मी एकटी उचलते!"

त्यांनी खरंच एकटीने पातेलं उचलून दाखवलं. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. ते पातेलं साधं नव्हतं. सगळ्या बायकांनी दुसऱ्यांच्या उसात खुरपणी करून, त्या मजुरीतून ते घेतलं होतं. वस्तीतल्या कुठल्याही कार्याला ते जायचं आणि परत यायचं.

"गेल्या म्हैन्यात भारतीच्या लग्नाला गेल्तं," आत्या हळूच म्हणाली. "त्याच दिशी सांजच्याला परत आलं. मी कुलूप लावलं. त्यानंतर कोठी उघडली न्हाई."

"मंग कुलपातल्या कुलपात बदललं व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. "चावी तर एकीकडंच हाय."

"आन् घरावर नवं पत्रं बी आत्ताच पडल्यात," दुसरी म्हणाली. ती आणखी हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू.

सीमाच्या अंगाचा तिळपापड झाला! ते पत्रे तिच्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या सख्ख्या भावाने आणून दिले होते. ती ओरडून सांगणार होती. पण आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, असं.

"हे बघ बना," रंगुबाई म्हणाल्या, "मी काय चोर म्हनत न्हाई तुला. पन चावी तुझ्याकडं, तवा जबाबदारी बी तुझी. पौर्णिमेपत्तुर पातेलं कुठं गेलं त्ये सांग. न्हाईतर चावी दुसरीकडं द्यावी लागंल."

आत्याने पदराची गाठ सोडली, चावी काढली आणि दारातल्या खुंटीवर अडकवली. मग ती खाली मान घालून घराकडे चालू लागली. पौर्णिमेची वाटसुद्धा तिने पाहिली नाही.

सीमा तिथेच खिळून राहिली. तिला राग आला होता, रडू येत होतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे, क्षणभर तिच्याही मनात येऊन गेलं, की खरंच, कुलूप होतं, चावी आत्याकडे होती, मग...? तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिने जोरात मान झटकली.

"काळगाडी काढा," ती तिघांना म्हणाली.

"आत्ता? खेळायचं सुचतंय तुला?" राजनंदिनीने डोळे मोठे केले.

"खेळायचं नाही. खरंच मागे जायचं. जिथपर्यंत पातेलं आपलं होतं, तिथपर्यंत!"

*

पंकजने कोरे पत्ते घेतले. 'आज', 'कुलूप लावताना', 'लग्नाच्या संध्याकाळी', 'पंगतीच्या वेळी', 'लग्नाच्या सकाळी' असं त्यांवर लिहून ते ओट्यावर ओळीने मांडले. प्रत्येक पत्त्याला प्रश्न एकच : त्या वेळी पातेलं कोणी पाहिलं? वाटीशेजारी चिंचोके तयार होते.

आधी ते कोठीत जाऊन पातेल्यालाच भेटले. बायका कुजबुजत घरी गेल्या होत्या आणि कोठी उघडीच होती. आता कुलूप लावायचं कोणी, हाही प्रश्नच होता!

"इकडे बघा!" सम्राट पातेल्याखाली जवळजवळ झोपला होता. "कडीच्या मागे हिरवं काहीतरी आहे."

काजळीखाली खरंच पुसट हिरवा ठिपका दिसत होता. रंगाचा.

"आपल्या पातेल्यावर रंग कधीच नव्हता," सीमा म्हणाली. "मी किती वेळा पाहिलंय."

"मग हे कुणाचं तरी आहे!" पंकजने चुटकी वाजवली. "मला वाटतं..."

"चिंचोका!" तिघे एकदम ओरडले. पंकजने निमूटपणे चिंचोका टाकला.

पुढचा पत्ता 'कुलूप लावताना'. सीमा आत्याच्या घरी गेली. आत्या चुलीपुढे नुसतीच बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"आत्या, कुलूप लावताना तू पातेल्यावरचं नाव पाहिलंस का?"

"पातेलं व्हतं की कोठीत."

"पातेलं नाही गं. नाव. डोळ्यांनी पाहिलंस?"

आत्याने काडीने चुलीतली राख उकरली. "न्हाई," ती अखेर म्हणाली. "टेम्पोवरच्या मानसांनी आत नेऊन ठिवलं. मी दारातनंच बघितलं. त्या दिशी नळाची मोटार जळाली हुती, घासाया पानी न्हवतं. बुडाची माती तशीच हुती. म्हनलं, पौर्णिमेला समद्या मिळून घासू. मला वाटलं, आपलंच हाय."

वाटलं! नियम म्हणजे नियम. ओट्यावर परतल्यावर तिने आपल्या लाडक्या आत्याच्या नावाचा चिंचोका स्वतःच्या हाताने वाटीत टाकला. कोणी चिडवलं नाही. सम्राटसुद्धा नाही.

'संध्याकाळ'च्या पत्त्यावर वस्तीतली चार माणसं भेटली. चौघांनीही पातेलं पाहिलं होतं, नाव कोणीच पाहिलं नव्हतं. 'पंगत' तशीच. वरण वाढणाऱ्या मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "वरन बघू का नाव बघू?" वाटी भरत चालली होती आणि गाडीतलं डिझेल संपत आलं होतं.

उरला एकच पत्ता : लग्नाची सकाळ. आणि तेव्हा पातेल्याजवळ होत्या साक्षात रंगुबाई!

"मी जाते," राजनंदिनी म्हणाली. "माझ्यावर त्या ओरडत नाहीत. फक्त 'जेवलीस का?' विचारतात."

आणि खरंच, रंगुबाईंनी तिला आधी "जेवलीस का?" असंच विचारलं. मग म्हणाल्या, "नाव? बघितलं की! मीच तर बुडाला माती लावली. चुलीवर ठिवायच्या आदी भांड्याला बाहेरनं वल्या मातीचा हात फिरवावा लागतो, न्हाईतर काजळी चिकटून बसती. काठापत्तुर माती थापली. शेवटचं 'बेलापूर' झाकलं, ह्ये मला चांगलं ध्यानात हाय."

राजनंदिनी धापा टाकत परत आली. तिने ऐकलेलं सगळं सांगितलं.

"म्हणजे," सीमा सावकाश म्हणाली, "सकाळी रंगूमामींनी नाव झाकलं. त्यानंतर आजपर्यंत ते कोणी पाहिलंच नाही. संध्याकाळी मांडवात अशी किती मातीने माखलेली पातेली असतील?"

"मंडपवाल्याची होती ना! रांगेने!" सम्राट उडाला. "सगळी काळी, सगळी सारखी!"

"आणि मंडपवाल्याच्या खुर्च्यांवर, बादल्यांवर, सतरंज्यांवर काय असतं?" राजनंदिनीने विचारलं. "हिरवा ठिपका!"

*

मंडपवाले काकासाहेब यांचं बस्तान बाजाराच्या रस्त्यावर होतं. एका पत्र्याच्या शेडमध्ये बांबू, कनाती, भोंगे आणि खुर्च्यांचे ढीग होते. काकासाहेब लोखंडी खुर्चीत बसून एका बादलीकडे निरखून पाहत होते. पायाशी हिरव्या रंगाचा डबा होता आणि हातात ब्रश.

पोरांना पाहताच त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. पंकजने सीमाला कोपराने ढोसलं.

"काका, भारतीताईच्या लग्नात तुमचं एखादं पातेलं बदललं का?" सीमाने विचारलं.

"माझं? छट्! माझी भांडी मोजून जात्यात, मोजून येत्यात. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

"आम्ही एकदा बघू का?"

"काय बघायचं हाय त्यात? हे काय प्रदर्शन हाय?" काकासाहेबांचा आवाज चढला. "आन् भांडी हायती कुठं हितं? आत्ताच टेम्पो गेला. नदीपल्याड उद्या लगीन हाय, निमशांच्या मळ्यात. चला, पळा! उन्हातान्हात हिंडू नका."

"मग हा ताजा रंग कशाला काढलाय?" पंकजने विचारलंच.

"ठिपकं पुसट झालं की नवं लावतो! तुला काय करायचंय रे? तुझ्या पाठीवर लावू एक?"

पोरं पळाली, ती थेट चौकातल्या वडापर्यंत.

"बघितलंत? झाकण कसं झटकन लावलं!" पंकज कुजबुजला. "भांडी बघू देत नाही. आपण येणार म्हणून आधीच नदीपलीकडे पाठवली. चोर आहे, चोर! आपल्या जड पातेल्यावर हिरवा ठिपका मारून पचवलंय त्याने!"

"झाकण लावलं ते पाहिलं," सीमा म्हणाली. "चोर आहे ते वाटलं."

"चिंचोके ओट्यावर राहिलेत," पंकज चिडून म्हणाला. "उधार ठेव."

सीमालाही काकासाहेबांचा संशय येत होता, अगदी दाट संशय. पण आज दुपारीच सगळ्यांनी आत्याचा संशय घेतला होता, तोही अगदी असाच, बघता बघता. म्हणून ती गप्प राहिली.

"पण आता काय करायचं? त्या मळ्यात आपल्याला कोण घेणार?" सम्राटने विचारलं.

राजनंदिनी मात्र गालातल्या गालात हसत होती. "निमशांचा मळा म्हणजे माझ्या मावशीचं सासर! तिच्या पुतण्याचं लग्न आहे. आम्हाला घरचं आमंत्रण आहे. आणि आई म्हणालीये, मैत्रिणीला आण बरोबर."

"आम्ही मैत्रिणी आहोत का?" सम्राट आणि पंकज एकदम म्हणाले.

"जिलेबी हवी असेल तर आहात!"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगती उठल्या. जिलेबी उत्तम होती, हे सम्राटने तीन वेळा वाढून घेऊन तपासलं होतं. मांडवामागे उसाच्या कडेने पाण्याची चारी वाहत होती. तिथे रिकामी झालेली पातेली आणून टाकली होती. पाच अजस्र पातेली, पाचही मातीने आणि काजळीने माखलेली. जवळच बाजेवर आचारी ज्ञानेश्वरमामा पाय पसरून सुपारी कातरत होते.

"मामा," सीमा गोड आवाजात म्हणाली, "आम्ही भांडी घासू का?"

ज्ञानेश्वरमामांच्या हातातला अडकित्ता थांबला. उभ्या आयुष्यात पोरांनी हा प्रश्न त्यांना कधी विचारला नव्हता. त्यांनी चौघांकडे संशयाने पाहिलं.

"का रं? काय फोडलं का कुणी?"

"नाही मामा, शाळेने सांगितलंय. सुट्टीत श्रमदान करायचं," पंकज म्हणाला. हे साफ खोटं होतं, पण त्याने ते इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मामांना पटलं.

"शाळा लई सुधारली म्हनायची! घासा, घासा. पन आतनंच घासायची हां. बाहेरनं काकासाहेब कवाच घासत न्हाई. पुढच्या लग्नाला पुना त्यावरच मातीचा हात मारतो. आतनं चकचकीत आन् बाहेरनं रामभरोसे!"

सीमा आणि राजनंदिनीने एकमेकींकडे पाहिलं. बाहेरून कधीच घासत नाहीत! म्हणजे रंगूमामींनी थापलेली माती अजून तशीच असणार!

पाचही पातेल्यांच्या कडीमागे हिरवे ठिपके होते. चार जुने, पुसट. पाचवा मात्र हिरवागार आणि ताजा.

"हेच!" सीमा म्हणाली. दोघींनी ते उचलायला पाहिलं. जड होतं, चांगलंच जड.

चौघे तुटून पडले. काथ्या, राख, चारीतलं पाणी! वरचा थर आजच्या मातीचा होता, तो लगेच सुटला. खालचा मात्र लग्नामागून लग्नात भाजून विटेसारखा कडक झाला होता. हात काळे, तोंडं काळी. सम्राटचा तर फक्त दातांवरून पत्ता लागत होता.

तेवढ्यात मांडवाच्या बाजूने टेम्पोचा हॉर्न वाजला. काकासाहेब! भांडी न्यायला ते स्वतःच आले होते.

"ए! कोन हाय तिकडं? बाहेरनं कशाला घासताय? ठिवा ती भांडी! मला सांजच्या आत दुसरीकडं पोचवायची हायती!"

"अजून थोडंच राहिलंय काका!" राजनंदिनी ओरडली.

"थोडं न्हाई न् बिडं न्हाई! ए पोरा, धर रे त्ये पातेलं, घाल टेम्पोत!"

टेम्पोवरचा माणूस पुढे झाला. आता संपलं! पातेलं एकदा टेम्पोत गेलं की पुन्हा हाती लागणार नव्हतं, आणि पौर्णिमा तर उद्याच होती. सीमाला काही सुचेना. पण सम्राटला सुचलं. त्याने उडी मारली आणि तो थेट पातेल्यात जाऊन बसला!

"काळगाडी सुटली!" तो आतून ओरडला. "आता कोणी उतरवायचं नाही! मी मागे चाललोय, भारतीताईच्या लग्नात!"

"आरं, ह्याला काय ऊन लागलं काय? भाईर निघ!"

"नाही! तिकीट काढलंय मी!"

काकासाहेबांनी त्याचा हात धरला. सम्राटने दोन्ही कड्या घट्ट पकडल्या. वऱ्हाडी मंडळी हसत हसत गोळा झाली. ज्ञानेश्वरमामा अडकित्ता घेऊनच उठून आले. या गोंधळात सीमा आणि पंकज पातेल्याच्या दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून काथ्या चालवत होते, घासत होते, घासत होते...

"म," पंकज म्हणाला.

"हि!" सीमा किंचाळली. "ला! मं! ड!"

काकासाहेबांनी सम्राटचा हात सोडला. ते वाकले. कोरलेली अक्षरं ओल्या पितळेवर चमकत होती. महिला मंडळ, बेलापूर. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, मग हिरव्या ठिपक्यावरून फिरवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"हा ठिपका कोणी लावला?" सीमाने विचारलं.

"मीच," काकासाहेब म्हणाले. "भारतीच्या लग्नाचं सामान उतरवून घेतलं, तवा ह्याच्यावर ठिपका दिसंना. मोजली तर भांडी बरोबर भरली. मला वाटलं, ठिपका पुसला गेला. म्हनून नवा मारला. आईशप्पथ पोरी, मी जानूनबुजून न्हाई केलं."

"पण माझ्या आत्याला सगळे चोर म्हणतायत!" सीमा म्हणाली, आणि इतका वेळ रोखून धरलेलं रडू फुटलंच. "ती जेवत नाही. तिने चावी काढून दिली. तुम्ही काल फक्त एकदा बघू दिलं असतं तर!"

काकासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"ह्या पातेल्यात मी आज भाजी केली," ज्ञानेश्वरमामाच अखेर म्हणाले. "तळाला जरा बी लागली न्हाई. तवाच माझ्या मनात आलं, काकासाहेबाकडं आसलं दमदार भांडं कुठनं आलं! पन कोन इचारतंय? पोरांनो, तुमी इचारलंत. शाब्बास!"

"मी आत्ताच्या आत्ता पातेलं पोचवतो," काकासाहेब म्हणाले. "माझं त्येवढं घिऊन येतो."

"असं नाही," सीमा डोळे पुसत म्हणाली. "आत्याचं नाव सगळ्या वस्तीत खराब झालंय. गुपचूप पातेलं ठेवून चालणार नाही. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

"घरोघर फिरू म्हनतीस?"

"फिरायला कशाला हवं?" पंकज टेम्पोकडे पाहून म्हणाला. "तुमच्याकडे भोंगा आहे की!"

*

संध्याकाळी ऊन कलतं झालं, तेव्हा काकासाहेबांचा टेम्पो पूल ओलांडून हळूहळू वस्तीत शिरला. टपावर भोंगा होता. मागे लखलखीत पातेलं, आणि पातेल्याभोवती चार काळी भुतं. पुढे बसलेल्या काकासाहेबांच्या हातात माइक होता. रोज 'पाहुण्यांनी जेवून घ्यावं' असं बिनदिक्कत सांगणाऱ्या काकासाहेबांचा आवाज आज दोनदा अडकला.

"ऐका, मंडळी... मी मंडपवाला काकासाहेब बोलतोय. विहारातलं पातेलं माझ्याकडनं चुकून गेलं हुतं. चूक माझी हाय. बनाबाईंची काय बी चूक न्हाई. पुना सांगतो... बनाबाईंची काय बी चूक न्हाई!"

बायका दारात आल्या. पोरं टेम्पोमागे पळू लागली. टेम्पो आत्याच्या दारासमोर आला तेव्हा सीमा म्हणाली, "काका, इथे आणखी एकदा." काकासाहेबांनी आणखी एकदा सांगितलं.

दार उघडलं. आत्या उंबऱ्यात उभी राहिली. तिने पातेल्यावरचं नाव पाहिलं, मग पातेल्यातून डोकावणाऱ्या, ओळखू न येणाऱ्या चार चेहऱ्यांकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी विहारावर पंचरंगी ध्वज फडकत होता. वंदना झाली. पातेल्यात खीर रटरटत होती आणि विहारासमोर सगळी वस्ती जमली होती. राजनंदिनी आईला घेऊन आली होती. काकासाहेबसुद्धा आले होते. त्यांनी आज मांडव फुकट घातला होता आणि ते कोपऱ्यात अंग चोरून उभे होते.

"ह्या पोरांनी जे केलं, त्ये आपल्या मोठ्या मानसांना जमलं न्हाई," रंगुबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "आपन वाटलं त्ये बोललो. ह्यांनी बघितलं आन् मंग बोलले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सम्राट छाती काढून उभा राहिला. आज त्याचा चेहरा धुतलेला होता, त्यामुळे तो सगळ्यांना ओळखू आला.

मग रंगुबाई चुलीजवळ गेल्या. आत्या तिथे खीर ढवळत होती. रंगुबाईंनी हात पुढे केला. हातात चावी होती.

"माझं चुकलं, बना," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "माती मीच थापली, आन् आळ तुझ्यावर घेतला."

आत्याने पळी पातेल्याच्या काठाला टेकवली. चावी घेतली आणि सावकाश पदराला बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"दोन दिस मी मान वर करून रस्त्यानं चालले न्हाई, रंगू," ती म्हणाली. "मनात धरून ठिवनार न्हाई मी. पन तुला सांगितल्याबिगर बी ऱ्हानार न्हाई."

रंगुबाईंनी मान हलवली.

"आन् आता उभी काय ऱ्हायलीस?" आत्या एकदम खणखणीत आवाजात म्हणाली. "ही दुसरी पळी घे आन् त्या बाजूनं ढवळ! खीर खाली लागली तर समदी वस्ती मला बोलंल, आन् मी कुनाचं बी ऐकून घेनार न्हाई!"